शैलेय, शेवाळी आणि युरोपचा ‘मुस्कस’ : एका नावाखालील अनेक द्रव्ये

गोड्या मसाल्यात दगडफूल घालत नाही असे घर आपल्या सातारा-सांगली भागात विरळाच. हेच दगडफूल म्हणजे आपल्या संहितांमधील ‘शैलेय’, हे वैद्यबंधूंना सांगावयास नकोच. स्वयंपाकघरात आणि चिकित्सालयात एकाच वेळी नांदणारे हे द्रव्य इतके परिचयाचे आहे, की त्याची ओळख पटवून घेण्याची गरज आपल्यापैकी बहुतेकांना कधी वाटत नाही. मलाही ती वाटली नव्हती.

काही वर्षांपूर्वी मूत्राश्मरीच्या एका रुग्णास मुख्य चिकित्सेबरोबर मी शैलेय चूर्ण लिहून दिले. भावप्रकाशाने शैलेयाच्या गुणकर्मात अश्मरीचा स्पष्ट उल्लेख केला आहे, त्याचा हा आधार. रुग्णाने कडेगावच्या बाजारातून दगडफूल आणून घरीच चूर्ण केले. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली, तेव्हा खडा होता तेवढाच होता. अपाय झाला नाही, पण उपशयही नाही. त्यावेळी सहज म्हणून उरलेले दगडफूल त्यास घेऊन यावयास सांगितले आणि ते पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिले. त्यात करड्या, पापडीसारख्या तुकड्यांबरोबर झाडाच्या सालीचे कपचे होते, वाळलेले हिरवे शेवाळ होते, दोऱ्यासारखे पिवळट तंतू होते आणि चीड वृक्षाच्या दोन सुयाही होत्या. शैलेयाचा गुण आला नाही असे म्हणावे, तर रुग्णाने शैलेय घेतले होते की नाही, हेच मला सांगता येईना.

या एका प्रश्नाने मला जुन्या युरोपीय वनौषधी-ग्रंथांपर्यंत नेले. तेथेही शतकानुशतके हाच घोळ होता आणि तो कसा निर्माण झाला, कोणी निस्तरला, यात आपल्यासाठी मोठा बोध आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेण्याचे योजिले आहे.

शैवल, शेवाळी आणि शैवाक

पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर, कौलावर वा पाण्यावर जे जे हिरवे, ओलसर दिसते, त्या सर्वांस आपण बोली भाषेत ‘शेवाळ’ म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेने मात्र यात भेद केला आहे. पाण्यात वाढणारी मूळ-खोड-पान नसलेली ती शैवले. भिंतीवर मखमलीसारखी पसरणारी, बारीक देठ व पाने असलेली ती शेवाळी. शेवाळीची जवळची, बहुधा चपट्या पात्यासारखी पसरणारी नातलग ती यकृतका. आणि कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनलेला संयुक्त देह तो शैवाक. दगडफूल हे शैवाक आहे. ते शेवाळ नव्हे आणि फूल तर मुळीच नव्हे.

युरोपात लॅटिन भाषेतील ‘मुस्कस’ हा शब्द आपल्या ‘शेवाळ’ शब्दासारखाच सैल होता. शेवाळी, शैवाक आणि कधी कधी समुद्रशैवलेदेखील त्याच नावाखाली येत. त्यामुळे जुन्या ग्रंथात ‘मुस्कस’ने अमुक रोग बरा होतो असे वाचले, तर नेमकी कोणती वनस्पती, हे ठरविणे पुष्कळदा अशक्य होते.

ग्रीकांचे ‘ब्रायॉन’ आणि आपले शैलेय

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीझ याने ‘ब्रायॉन’ नावाच्या द्रव्याचे वर्णन केले आहे. देवदारासारखे वृक्ष, पांढरा पॉप्लर आणि ओक यांच्यावर ते वाढते. सुगंधी व पांढरट ते उत्तम, काळपट ते हीन. ते स्तंभक असून गर्भाशयाच्या विकारांत त्याच्या काढ्यात कटिस्नान द्यावे, सुगंधी तेलांत व धूपद्रव्यांत मिसळावे, असे तो सांगतो. वृक्षावरचे, सुगंधी, पांढरट असे हे द्रव्य शैवाक असावे, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

आता आपल्या संहितांकडे पाहावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात प्रायोगिक धूमवर्तीच्या घटकांत शैलेय आहे. तिसऱ्या अध्यायात शीतनाशक प्रदेहात एला, अगुरु, कुष्ठ यांच्या जोडीला शैलेय आहे. चिकित्सास्थानातील ज्वराधिकारात शीतज्वरासाठी सांगितलेल्या अगुर्वादि तैलातही ते आहे. शार्ङ्गधराच्या नारायण तैलाच्या कल्कात शतपुष्पा, देवदारु, मांसी यांच्याबरोबर शैलेयक येते. म्हणजे धूम, तैल आणि लेप ही शैलेयाची प्रमुख क्षेत्रे. परस्परांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन परंपरांनी एकाच प्रकारच्या द्रव्याचा वापर सुगंधासाठी, धुरीसाठी व तेलासाठी करावा, हे साम्य लक्षणीय आहे. पुढे अरबी वैद्यकात हेच द्रव्य ‘उश्ना’ या नावाने आले. युरोपने हा शब्द उचलून ‘उस्निया’ केला, आणि आज दोऱ्यासारख्या लोंबणाऱ्या शैवाकांच्या प्रजातीचे ते शास्त्रीय नाव आहे.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. भावप्रकाश शैलेयास शीतल, हृद्य, लघु व कफपित्तहर म्हणतो, मग शीतनाशक प्रदेहात त्याचे स्थान कसे? संयोगाचे कार्य एका घटकाच्या वीर्यावरून ठरत नाही, हे त्याचे उत्तर. अगुरु, कुष्ठ, रास्ना, देवदारु अशा उष्ण गणाच्या संगतीत शैलेय त्वचेवर लेपरूपाने जाते. निघंटूतील गुण मात्र एकेरी द्रव्याचे आहेत. एकेरी चूर्ण पोटात देताना वैद्याने हा भेद ध्यानात ठेवावा.

आकृतीवरून औषध

डायॉस्कोरिडीझने ‘लायकेन’ नावाची आणखी एक वनस्पती सांगितली आहे. दंवाने भिजणाऱ्या खडकांवर ती चिकटून वाढते, आणि लेप केल्यास रक्तस्राव व दाह थांबवून त्याच नावाचा त्वचारोग बरा करते. खडकावरचे चट्टे आणि त्वचेवरचे चट्टे यांना एकच नाव! आजही आधुनिक त्वचारोगशास्त्रात ‘लायकेन प्लॅनस’ या व्याधीनामात हा शब्द शिल्लक आहे.

रूपावरून गुण ठरविण्याच्या या वृत्तीस सोळाव्या शतकात सिद्धांताचे स्वरूप आले. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) आणि त्यानंतर इटलीतील जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी असे प्रतिपादन केले, की ईश्वराने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण उमटवून ठेवली आहे. देल्ला पोर्ताचा या विषयावरील ग्रंथ १५८८ साली प्रसिद्ध झाला. या मताप्रमाणे फुप्फुसाच्या पृष्ठभागासारखे खळगे असलेले वृक्षावरील शैवाक कासश्वासात दिले जाई, आणि ‘लोबेरिया पल्मोनेरिया’ हे त्याचे शास्त्रीय नाव आजही फुप्फुसाची आठवण देते. यकृताच्या खंडांसारखी दिसणारी ‘मार्कांशिया’ यकृतविकारांत वापरली जाई. आपल्या परिभाषेतील ‘यकृतका’ हा शब्दही त्याच समजुतीचे भाषांतर आहे. ‘पॉलिट्रायकम’, म्हणजे पुष्कळ केसांची, ही शेवाळी केसाळ टोपणामुळे केशवृद्धीसाठी प्रसिद्ध पावली.

आयुर्वेदात द्रव्याचे कर्म रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव यांवरून ठरते. आकृतिसाम्य हा प्रमाणाचा प्रकार आपण मानला नाही, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि हा अभिमान बाळगताना आपल्या आजच्या व्यवहाराकडेही पाहावे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धिवर्धक, अशी वाक्ये आपल्याच मंडळींच्या व्याख्यानांतून ऐकावयास मिळतात. तो विचार चरकाचा नव्हे, देल्ला पोर्ताचा आहे.

कवटीवरचे शेवाळ

या वृत्तीचा कळस म्हणजे मनुष्याच्या कवटीवर उगवलेले शेवाळ. फासावर दिलेल्या किंवा युद्धात पडलेल्या मनुष्याची कवटी उघड्यावर राहून तिच्यावर जे उगवे, ते ‘उस्निया क्रानी हुमानी’ या नावाने औषधी विक्रेत्यांकडे मोठ्या किमतीस मिळे. ओस्वाल्ड क्रोल याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते शस्त्रव्रणाच्या लेपात घातले. हा लेप जखमेस न लावता, जखम करणाऱ्या शस्त्रास लावावयाचा असे. जॉन पार्किन्सन या लंडनच्या औषधविक्रेत्याने १६४० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिकोशात या शेवाळाचे कवटीसह चित्र दिले आहे. रसायनशास्त्राच्या पायाभरणीत ज्याचे नाव घेतले जाते, त्या रॉबर्ट बॉइलनेदेखील हे शेवाळ हातात धरल्याने आपल्या नाकातून होणारा रक्तस्राव थांबल्याचे नमूद केले आहे.

आज हे वाचून हसू येते. परंतु विचार करावा, की शस्त्रास लेप लावलेल्या रुग्णाच्या जखमा खरोखर बऱ्या होत असत. त्या काळचे व्रणलेप इतके दाहक व मलिन असत, की स्वच्छ पाण्याने धुऊन, बांधून, लेपाविना सोडलेली जखम लवकर भरून येई. यश जखम न छेडण्याचे होते, श्रेय मात्र शेवाळास मिळाले. गुण कशाने आला, हे न तपासता श्रेय देण्याचा मोह प्रत्येक वैद्यकपद्धतीस असतो.

काळाच्या कसोटीवर टिकलेले

या ढिगाऱ्यातून काही द्रव्ये मात्र तावून सुलाखून बाहेर आली. आइसलँड व उत्तर युरोपातील ‘सेट्रेरिया आयलँडिका’ हे जमिनीवर वाढणारे शैवाक दुष्काळात पिठात मिसळून खाल्ले जाई आणि शुष्क कासात त्याचा काढा दिला जाई. त्यास ‘आइसलँडचे शेवाळ’ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे. ते उकळले असता पिच्छिल, खळीसारखा द्रव निघतो, आणि तो घशाच्या क्षोभावर आवरण घालतो. जर्मनीच्या वनौषधी मूल्यमापन आयोगाने घशाच्या क्षोभासाठी व अरुचीसाठी त्याचा उपयोग मान्य केला.

खऱ्या शेवाळीचे उदाहरण ‘स्फॅग्नम’चे. दलदलीत वाढणाऱ्या या शेवाळीच्या पानांत पोकळ पेशी असतात व ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस पट द्रव शोषून घेते. शिवाय ती आम्लधर्मी असल्याने तिच्यात जंतूंची वाढ मंदावते. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा एडिंबरोचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट व वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी तिच्या व्रणपट्ट्यांचा पुरस्कार केला. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून दरमहा सुमारे दहा लाख पट्ट्या युद्धभूमीवरील रुग्णालयांस जात होत्या. या द्रव्याचा उपयोग आकृतीवरून ठरला नव्हता. ते किती शोषते, हे मोजून ठरला होता.

घोळ निस्तरणारे दोन वैद्य

मुस्कसचा घोळ एका दिवसात सुटला नाही. डिलेनियसने १७४१ साली लिहिलेल्या ‘शेवाळांच्या इतिहासा’त शेवाळी, शैवाक व शैवले एकत्रच आहेत. लिनियसने १७५३ साली सर्व शैवाकांना एकाच प्रजातीत कोंबले. पुढे ज्या दोघांनी हा गुंता सोडविला, ते दोघेही व्यवसायाने वैद्य होते, हे मला विशेष वाटते.

योहान हेडविग हा जर्मनीत केमनिट्स या गावी रुग्ण तपासत असे. व्यवसाय सांभाळून, फावल्या वेळात तो सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळी पाही. शेवाळीचे पुनरुत्पादन कसे होते, हे त्याने १७८२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, आणि आज शेवाळींची शास्त्रीय नावे त्याच्या १८०१ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरली जातात. एरिक आकारियस हा स्वीडनमधील वाडस्टेना या लहानशा गावचा सरकारी वैद्य. त्याने १८०३ साली शैवाकांचे पद्धतशीर वर्गीकरण मांडले. आपल्या द्रव्यगुणाच्या पुस्तकात शैलेयाचे लॅटिन नाव ‘पार्मेलिया पर्लाटा’ असे दिलेले असते आणि त्यापुढे ‘आक.’ असे संक्षिप्त अक्षर असते. ते याच आकारियसचे. पुढे १८६० च्या दशकात श्वेंडेनर याने शैवाक हे कवक व शैवल यांचे सहजीवन असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा कोठे त्याचे खरे स्वरूप उलगडले.

मुंबईच्या बाजारातून पुण्याच्या संग्रहालयापर्यंत

आपल्याकडे नावांचा प्रश्न वेगळ्या प्रकारे आला. अमरकोशात शैलेयाच्या पर्यायांत ‘अश्मपुष्प’ आहे, आणि मराठीतील ‘दगडफूल’ हा त्याचाच देशी अवतार. परंतु ‘कालानुसार्य’ या पर्यायाचा घोटाळा तगराशी होतो आणि नावाच्या साम्याने शिलाजतूशीही गल्लत होते. मुंबईत असलेल्या विल्यम डायमॉकने वॉर्डन व हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारातील दगडफूल एकाहून अधिक जातींच्या शैवाकांचे असल्याचे नोंदले आहे. म्हणजे पुडीतील मिश्रणाची गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे अधिकृत केंद्र म्हणजे पुण्याची आघारकर संशोधन संस्था. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने स्थापिलेल्या या संस्थेत सह्याद्रीतील शैवाकांचा अनेक दशके अभ्यास झाला असून त्यांचे नमुने तेथील संग्रहात जतन केलेले आहेत.

आपला कडेगाव परिसर पर्जन्यछायेचा. सागरेश्वराच्या डोंगरावरील कातळावर करडे-पिवळट डाग दिसतात, ती खडकाशी एकजीव झालेली शैवाके होत. ती खरवडून मसाल्याचे दगडफूल मिळत नाही. पानासारखी पसरणारी जात पाहावयाची तर महाबळेश्वर-कोयनेच्या दमट रानात, तीही बहुधा झाडांच्या सालीवर. बाजारातील मोठा पुरवठा मात्र उत्तराखंडातून येतो. कुमाऊँत त्यास ‘झूला’ म्हणतात, आणि टनकपूर, रामनगर येथील बाजारपेठांतून तो देशभर जातो. माझ्या रुग्णाच्या पुडीतील चीडच्या सुयांचा उलगडा असा झाला.

चिकित्सालयात करता येण्याजोगी परीक्षा

यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. दहापट मोठे दाखविणारे भिंग, पाण्याची वाटी व थोडी ब्लीचिंग पावडर पुरेशी आहे.

१) द्रव्य पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. ज्यास बारीक देठ व त्यावर पाने दिसतील, ती शेवाळी. ती काढून टाकावी.

२) दोऱ्यासारखा ओला तंतू हळूच ताणावा. बाहेरील साल तुटून आत पांढरा, लवचीक धागा दिसल्यास ते उस्निया.

३) अरुंद, पन्हळीसारख्या फितींचे, कडांवर काळे केस असलेले ते दुसऱ्या प्रजातीचे हिमालयी शैवाक.

४) रुंद, पापडीसारखे, वरून राखाडी व खालून काळे ते पार्मेलिया वर्गातील. त्याच्या कडांवर पिठासारखी किनार व काळे आखूड केस असल्यास ते शास्त्रोक्त ‘पार्मेलिया पर्लाटा’ असण्याचा संभव. (आता त्याचे नाव ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’ असे झाले आहे.) पृष्ठभागावर रव्यासारखे बारीक कण असून कडांस केस नसतील, तर ते ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ असावे.

५) शेवटच्या दोहोंत संशय असल्यास वरचा थर ब्लेडने खरवडून आतील पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा एक थेंब सोडावा. तत्काळ लाल रंग आल्यास ते टिंक्टोरम. पर्लाटा लाल होत नाही. परीक्षा केलेला तुकडा टाकून द्यावा. ही रासायनिक परीक्षा फिनलंडच्या न्यूलँडरने १८६६ साली रूढ केली.

दक्षता

पहिली गोष्ट, सर्व शैवाके निरुपद्रवी नाहीत. उस्नियातील उस्निक आम्ल जंतुनाशक आहे, परंतु २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या आम्लाचा क्षार असलेल्या, वजन उतरविण्याच्या एका उत्पादनामुळे यकृतास गंभीर इजा झाल्याचा इशारा दिला होता. मसाल्यातील चिमूट वेगळी आणि महिनोन्महिने घेतलेले चूर्ण वेगळे.

दुसरी गोष्ट, शैवाकांना मुळे नसतात. ती हवा व पावसातूनच सर्व काही शोषतात, त्यामुळे रहदारीच्या रस्त्यालगतच्या वा कारखान्याजवळच्या शैवाकांत शिशासारखे धातू साठतात. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर उत्तर युरोपातील शैवाकांवर चरणाऱ्या रेनडिअरांचे मांस किरणोत्सर्गी झाल्याचे आढळले, ते याच कारणाने. औषधी शैलेय कोठले, हे विचारणे म्हणूनच अनाठायी नाही.

तिसरी गोष्ट, पानासारखी शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. फांदीवरून एका हिसक्यात ओरबाडलेले दगडफूल तेथे पुन्हा येण्यास अनेक वर्षे लागतात. यास्तव जेथे पर्याय आहे तेथे त्याचा अपव्यय करू नये.

समारोप

चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, की मेंढपाळ, गुराखी व वनवासी हे वनस्पतींची नावे व रूपे जाणतात, पण तेवढ्याने कोणी वैद्य ठरत नाही. योग जाणणाराच खरा जाणकार. आणि न ओळखलेले औषध विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांसारखे घातक, हेही तेथेच सांगितले आहे. आज आपली स्थिती उलटी झाली आहे. योग आपणांस मुखोद्गत आहेत, पण नाव व रूप आपण किराणा दुकानदारावर सोपविले आहे.

त्या रुग्णास मी पुढे शैलेय देणे थांबविले व अश्मरीची अन्य चिकित्सा चालू ठेवली. शैलेय निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे, तर ते मी दिलेच नव्हते, अशी शंका राहिली म्हणून. तेव्हापासून धूमवर्ती, तैल वा चूर्ण, कशासाठीही दगडफूल आणले, तर ते निवडल्याशिवाय खलात जात नाही. एक किलोतून निवडलेले शैलेय कधी पाव किलोही भरत नाही, पण ते कोणते, हे सांगता येते. वैद्यबंधूंनी आपापल्या गावच्या बाजारातील एक पुडी आणून वरील परीक्षा एकदा स्वतः करून पाहावी, आणि आढळलेले स्थळ-काळासह नोंदवून ठेवावे, एवढीच विनंती. वाडस्टेना आणि केमनिट्स या गावच्या वैद्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते.